काटा लाल पट्टीत

ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचं सगळ्यात महागडं मीटर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी ऑइल प्रेशरचं नाव घेईन. विकत घ्यायला ते स्वस्तच असतं. पण त्याचा काटा लाल पट्टीत आला की मालकाच्या खिशातून किती जाईल याचा नेम नाही. डिझेलचा काटा खाली आला तर डिझेल भरायचं, पाणी तापलं तर रेडिएटर आणि पट्टा बघायचा. ऑइल प्रेशर पडलं की मात्र रस्त्यावरचा चहावालासुद्धा निदान सांगून मोकळा होतो: "इंजिन गेलं." आणि मालकाला ते पटतंही! हे पटणं हाच आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना कमाईचा मार्ग आहे. तेव्हा घरचा भेदी होऊन थोडं सांगतो.

आमचं वर्कशॉप रायपूरच्या गुढियारीत. गुढियारी म्हणजे स्टेशनाच्या मागची, रुळांपलीकडची वस्ती. धान्य-किराण्याचा ठोक बाजार इथला, त्यामुळे ट्रक, हमाल, पोती आणि हॉर्न यांना तोटा नाही. जिथं ट्रक येतात तिथं त्यांच्यामागून पंक्चरवाले, कमानवाले, वेल्डिंगवाले येतातच. जवळच रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना, त्यामुळे लेथवर हात बसलेली माणसंही या बाजूला मिळतात. रायपूर 1956 पर्यंत ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी होती नागपूर. भोसल्यांच्या काळापासूनची मराठी घरं तात्यापाऱ्यात आहेत, महाराष्ट्र मंडळही 1935 पासूनचं. आमचे हेडमिस्त्री अशाच एका घरातले. सगळे त्यांना काका म्हणतात. काका गिऱ्हाइकाशी छत्तीसगढी बोलतात, पार्टवाल्याशी हिंदी आणि इंजिनाशी मराठी. इंजिन ऐकतं असा त्यांचा दावा आहे.

प्रेशरची तक्रार घेऊन गाडी आली की काकांचा पहिला नियम असा: इंजिन बंद असतानाच मीटर बघायचं. नव्या पोरांना यात काही अर्थ वाटत नाही. बंद इंजिनात कसलं प्रेशर? पण हा नियम एका गाडीमुळे आमच्याकडे कायमचा रुजला. तिल्द्याकडून एक जुना ट्रॅक्टर टोचन करून आणला होता. इंजिन जाम, पाना लावूनही क्रँक हलेना. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता की शेवटपर्यंत काटा हिरव्या पट्टीत होता, त्याची काही चूक नाही. मालक त्याच्यावर डोळे वटारत होता. काकांनी डॅशबोर्डवरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाले, "काटा तर आत्ताही हिरव्यातच आहे." चावी मालकाच्या खिशात होती, इंजिन मेलेलं होतं, आणि मीटर ऐटीत तीन किलोचा दाब दाखवत होतं. ते कधीपासून असं दाखवत होतं हे देव जाणे. ड्रायव्हर खरंच निर्दोष निघाला.

या मीटरच्या आत एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसानं 1849 साली तिचं पेटंट घेतलं. आत दाब आला की नळी सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. पावणेदोनशे वर्षांत यात फारसा बदल झालेला नाही, कारण करण्यासारखा नाहीच. पण कधी धक्क्यानं, कधी थंडीत घट्ट तेलाच्या जोरदार दाबानं नळी कायमची ताणली जाते आणि काटा शून्यावर परत येत नाही. याच्या उलटही होतं. इंजिनापासून मीटरपर्यंत जी बारीक तांब्याची पाइप येते ती गाळानं बुजते किंवा कुठंतरी चेपते, आणि ठणठणीत इंजिनाचं मीटर शून्य दाखवतं. अशा एका शून्यापोटी एका शेतकऱ्यानं चांगली गाडी पडत्या भावात विकली. घेणाऱ्यानं आमच्याकडे येऊन फक्त पाइप फुंकून घेतली. पेढे मात्र तो घेऊन आला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

म्हणून काकांच्या पेटीत एक स्वतःचं मीटर असतं, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. त्याला कुणी हात लावायचा नाही. ब्लॉकवर मुख्य ऑइल गॅलरीची जी जागा असते तिथं ते थेट बसवायचं, इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि दोनच ठिकाणी वाचायचं: पूर्ण रेसला आणि स्लोमध्ये. जुन्या ट्रॅक्टरांत ढोबळमानानं गरम इंजिनाला रेसवर तीन-साडेतीन किलो आणि स्लोमध्ये एक किलोच्या आसपास मिळालं तर काका पेटी बंद करतात. प्रत्येक कंपनीच्या पुस्तकातले आकडे वेगळे असतात, पण पुस्तक असलेला मालक अजून भेटायचा आहे. थंड इंजिनावर मीटर वाचून "चार किलो आहे" असं सांगणाऱ्याला आमच्याकडे चहासुद्धा मिळत नाही. थंड तेल घट्ट असतं, चार किलो कुणीही दाखवेल.

मीटर खरं बोलतंय असं ठरलं की पाळी तेलाची. आणि इथं मला आमच्या वर्कशॉपमधला सगळ्यात लाडका किस्सा सांगायचाय.

आरंगच्या बाजूचे एक दाऊ आले होते. छत्तीसगढमध्ये मोठ्या शेतकऱ्याला दाऊ म्हणायची रीत आहे. गाडी जुनी, तीन सिलिंडरची. सोबत पिशवीत नवाकोरा ऑइल पंप, पावतीसकट. गावाकडच्या मेकॅनिकनं एक पंप आधीच बदलला होता, प्रेशर काही वाढलं नव्हतं. तेव्हा आता रायपूरच्या हातानं दुसरा पंप बसवून घ्यायचा असा त्यांचा बेत. बोलता बोलता दाऊ अभिमानानं म्हणाले, "मोर गाड़ी तेल नइ खाय, उल्टा देथे!" म्हणजे माझी गाडी तेल खात नाही, उलट देते. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी डिपस्टिक ओढली. तेल वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलेलं. नाकाशी नेलं, अंगठा आणि बोट यांमध्ये चोळलं, आणि कालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडला. मधला काळा ठिपका छोटा राहिला आणि त्याच्याभोवती पिवळट कडं पसरत पसरत पार बातमीपर्यंत गेलं. तेलात डिझेल होतं. चांगलं भरपूर होतं.

त्या इंजिनात डिझेल ओढणारा फीड पंप ब्लॉकच्या बाजूला बसतो आणि त्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाला डिझेल, दुसऱ्या अंगाला इंजिनाचं पोट. पडदा फाटला की डिझेल थेंबाथेंबानं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. तेल पातळ होतं आणि काटा खाली येतो. दाऊंची गाडी तेल "देत" होती ती अशी. पुढचा धोका याहून मोठा होता. पातळी आणखी वाढली असती तर इंजिनानं स्वतःचंच तेल ओढून प्यायला सुरुवात केली असती. मग स्टॉपची तार ओढली तरी ते थांबत नाही, सुसाट सुटतं आणि तुकडे झाल्यावरच शांत होतं. फीड पंपाचा पडदा बदलला, तेल आणि फिल्टर नवा टाकला, काटा जागेवर आला. पिशवीतला पंप दाऊंनी परत नेला. दुकानदारानं तो घेतला की नाही ते माहीत नाही, पण पावती जपून ठेवली होती म्हणजे बहुतेक घेतला असावा.

पंपाचा हा सोस समजून घेण्यासारखा आहे. "प्रेशर पंप देतो, प्रेशर नाही म्हणजे पंप गेला" हा हिशेब सरळ वाटतो. पण पंप दाब देत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दाब येतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. चेंबरमधून तेल जाळीतून पंपात, पंपातून फिल्टरमध्ये, तिथून गॅलरीत, गॅलरीतून मेन बेअरिंगांत, क्रँकच्या पोटातल्या भोकांतून बिगेंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला), एक फाटा कॅमच्या बुशांना आणि उरलंसुरलं वर रॉकरला. अशा प्रत्येक बेअरिंगात फिरणारा भाग आणि बेअरिंग यांच्यात केसाएवढी फट असते आणि तेल तिच्यातून चिंचोळ्या वाटेनं बाहेर पडतं. वाट जितकी चिंचोळी तितका मागे दाब. ही फट झिजून दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, हिशेबानं आठपट होते. म्हणून डॅशबोर्डवरचं मीटर पंपापेक्षा जास्त त्या फटींबद्दल सांगत असतं. नवा पंप घालून जुन्या फटी बुजत नाहीत.

मग तीन किलोच्या या दाबावर क्रँकचा सगळा भार तोलला जातो का? तसंही नाही, आणि याचा शोध लागला तो किस्सा तर आमच्या काकांच्या किश्शांपेक्षा भारी आहे. इंग्लंडमध्ये 1883 साली बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला सोयीचं म्हणून त्यानं बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडलं. आस फिरायला लागला तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर उसळून यायला लागलं. त्यानं बूच ठोकलं, बूच बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी त्यानं तिथं मीटर लावलं, तर दर चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंत मोजणारं ते मीटर अपुरं पडलं. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र याच्या निम्माच होता! फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचरीसारखं दाबतो आणि त्या तेलावर तरंगतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. आजही इंजिनिअरिंगची मुलं ते शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आमच्या कामापुरता अर्थ एवढाच: बिगेंडमधल्या तेलाच्या पापुद्र्यात शेकडो किलोंचा दाब असतो आणि तो क्रँक स्वतः फिरून तयार करतो. पंपाचं काम फक्त तिथं तेल पोचवण्याचं. ते पोचतंय की नाही, हे काट्यावरून कळतं.

म्हणून काटा कधी पडतो आणि कसा पडतो, हे काकांना तो किती पडला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. मालकाला ते आधी खुर्चीवर बसवतात आणि वकिलासारखे प्रश्न विचारतात. सकाळी चालू केल्यावर किती दाखवतो? तापल्यावर हळूहळू उतरतो की एकदम? शेतात पडतो की सडकेवर? बंद करून पुन्हा चालू केल्यावर? पोरं तोवर पाने हातात घेऊन उभी असतात, त्यांना हा वेळकाढूपणा वाटतो.

हरेलीनंतरच्या दिवसांत आलेली एक गाडी या प्रश्नोत्तरांतच दुरुस्त झाली, असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे ज्या दिवशी दिव्यांची अवस, त्याच दिवशी छत्तीसगढात हरेली. नांगर, कुदळी, गैंती सगळं धुऊन पुजतात, आता ट्रॅक्टरही पुजतात. या मालकानं सणाच्या आधी गाडीची साग्रसंगीत सेवा केली होती, अगदी चेंबर उतरवून आतून साफ करून घेण्यापर्यंत. सणाला हार घातला आणि चिखलणीला गाडी शेतात घातली. तेव्हापासून रोज एकच प्रकार: सुरुवातीला काटा झकास, काही वेळानं एकदम शून्य. इंजिन बंद करून बिडी ओढेपर्यंत थांबलं की पुन्हा झकास. गावात दोन तट पडले होते. एक म्हणे मीटर गेलं, दुसरा म्हणे पूजेत काहीतरी राहिलं.

काकांनी काटा हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतो, एवढं ऐकलं आणि म्हणाले, "पूजेत नाही राहिलं, चेंबरमध्ये राहिलंय." फटी झिजल्या असतील तर तेल तापेल तसा काटा सरकत सरकत उतरतो. तेल तापून पातळ होण्याला वेळ लागतो, 40 अंशांपासून 100 अंशांपर्यंत जाताना साधं 40 नंबरचं तेल जवळपास दहापट पातळ होतं, पण ते टप्प्याटप्प्यानं. एकदम कोसळणं म्हणजे कुणीतरी तेलाचा गळा धरला. आणि बंद केल्यावर सुटतो म्हणजे धरणारा सैल आहे. चेंबर उतरवलं. ट्रॅक्टरचं चेंबर मोटारीसारखं सहज निघत नाही. बऱ्याच गाड्यांत ते ओतीव असतं, पुढच्या ॲक्सलचा भार त्यावर असतो, म्हणजे गाडी मधोमध टेकू देऊन उभी करा, पुढचं धूड वेगळं करा, मग ते हाती येतं. एवढा उपद्व्याप करून आत निघालं एक पुसायचं फडकं. साफसफाई करणाऱ्यानं विसरलेलं. पंप तेल ओढायला लागला की ते तरंगत जाऊन जाळीला चिकटे, इंजिन थांबलं की गळून पडे. मालकानं ते धुवून घरी नेलं. का, ते मी विचारलं नाही.

फडक्याहून जास्त वेळा जाळीत सापडतं ते सिलिकॉन. हा रबरासारखा लेप गॅसकेटला लावायचा असतो आणि तो पातळ लावायचा असतो. आमच्या लाइनीत तो भिंतीला चुना फासावा तसा फासतात. बाहेर आलेला भाग दिसतो, तो पुसतात. तितकाच आत आलेला असतो, तो दिसत नाही. पुढे त्याचे शेवयांसारखे तुकडे सुटतात आणि जाळीवर जाऊन बसतात. माझं स्पष्ट मत आहे की सिलिकॉनच्या ट्यूबनं जितकी जुनी इंजिनं मारली तितकी खराब तेलानं मारली नसतील. याला आकडेवारी नाही, जाळ्यांमधून निघालेला ऐवज आहे.

चढावर किंवा चिखलात नाक वर करून चालताना काटा पडतो आणि सपाट सडकेवर ठीक असतो, तर आधी तेलाची पातळी बघायची. पातळी बरोबर असेल तर संशय जाळीपासून पंपापर्यंतच्या पाइपवर. तिला चीर असेल तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. काकांची चाचणी सोपी आहे. तात्पुरतं लिटरभर तेल जास्त ओतायचं. काटा सुधारला तर चीर तेलाखाली बुडाली, म्हणजे चीर आहे. मग जास्तीचं तेल काढून टाकायचं, नाहीतर मालक हाच इलाज समजून घरी जातो.

आता थोडं काळ्या बाजाराबद्दल. जुना ट्रॅक्टर विकायला काढला की त्याचं प्रेशर रातोरात सुधारतं, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याची पाककृती अशी. 20डब्ल्यू-40 काढून जाड तेल भरायचं, जमल्यास त्यात गिअरचं 90 नंबर मिसळायचं. मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्याच्या स्प्रिंगमागे एक-दोन वॉशर घालायचे. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे दाब फार झाला तर तेल परत चेंबरमध्ये सोडणारी झडप. वॉशरनं स्प्रिंग कडक होते, झडप उशिरा उघडते, रेस दिली की काटा टेचात वर जातो. घेणारा खूश. पण यात एक खोट आहे जी विकणाऱ्याला लपवता येत नाही. स्लोमध्ये दाब मुळातच कमी असतो, तिथं चांगली झडप बंदच असते. बंद झडपेची स्प्रिंग कितीही कडक करा, स्लोचा काटा तसूभर हलणार नाही. म्हणून विकणारा गाडी दाखवताना सारखी रेस करत राहतो. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून काढायला लावा, एवढंच.

झडप खरोखर दोषी असण्याचे प्रसंगही येतात, पण ते वेगळे. गाळाचा किंवा धातूचा कण तिच्यात अडकला की ती उघडीच राहते आणि सगळं तेल परत चेंबरमध्ये जातं. साफ केलं, स्प्रिंगची लांबी तपासली की काम झालं. खर्च जवळजवळ नाहीच. बिल एवढं कमी झालं की मालकाला संशय येतो, हा अनुभव आम्हाला नेहमीचा. महाग निदानावर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

आणि मग कधीतरी क्रँकच निघतो. सगळं तपासून झालं, मीटर खरं, तेल चांगलं, जाळी साफ, झडप ठीक, आणि गरम इंजिनात स्लोला काटा पाव किलोवर थरथरतोय. काका तेव्हा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावतात आणि मूठ कानाला. बाजारातले ट्रक थोडे शांत झाल्यावर, संध्याकाळी उशिरा. मेन बेअरिंगचा आवाज जड, खोल, लोड आला की वाढणारा. बिगेंडचा त्याहून मोकळा. एकेका नोझलचं डिझेल तोडून बघायचं, ज्या सिलिंडरचं तोडल्यावर ठोका मंदावतो तिथला बिगेंड. इथं मालकाला दोन शब्द ऐकवले जातात: हाफ इंजिन की फुल इंजिन. हाफमध्ये पिस्टन-रिंगा-लाइनर, फुलमध्ये क्रँकसकट सगळं. क्रँक मशीनवर घासून दहा, वीस, तीस असा उतरवतात, म्हणजे इंचाचे इतके हजारावे भाग, आणि त्याच मापाची जाड बेअरिंगं घालतात. प्रेशर कमी असताना पैसे वाचवायला हाफ इंजिन करणं म्हणजे पैसे पाण्यात. मालकाला मी हे स्वतः सांगतो, काका सांगत नाहीत. ते म्हणतात माझ्यासारख्या गल्ल्यावरच्या माणसानं कमी खर्चाचं सांगितलं तर कुणी ऐकत नाही, जास्त खर्चाचं सांगितलं तर नक्की ऐकतात.

क्रँक घासून, नवी बेअरिंगं घालून, नवा पंप बसवूनही प्रेशर नाही, अशीही एक गाडी दुसऱ्या एका ठिकाणाहून आली होती. बाहेर तेलाचा एक थेंब गळत नव्हता. गॅलरी साफ करताना तिच्या टोकाची डाट काढतात, ती परत बसवायची राहिली होती. ते टोक टायमिंगच्या झाकणाच्या आत उघडतं. त्यामुळे सगळं तेल आतल्या आत गिअरांवर ओतलं जात होतं. काकांनी झाकण उघडलं आणि फक्त बोट दाखवलं. कोरडा पंप बसवल्यानं घोटाळे होतात ते वेगळेच. पंपात आधी तेल भरलं नाही तर तो हवाच फिरवत बसतो, तेल उचलतच नाही, आणि नव्या बेअरिंगांची पहिली मिनिटं कोरडी जातात.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत निदान बरोबर आलं तरी पुढचा प्रश्न पार्टांचा. कांदिवलीच्या बी-275 ची बेअरिंगं अजून मिळतात. त्या गाडीची कंपनी 1963 साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून काढली होती. जुन्या स्वराजला तर मराठी माणसानं आपुलकीनं हात लावावा, कारण 1974 साली निघालेल्या 724 पासून त्यांच्यात पुण्याच्या किर्लोस्करांचं इंजिन असायचं. पुढे 1985 मध्ये स्वराज बनवणाऱ्या मोहालीच्या मंडळींनी किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला सोबत घेऊनच इंजिनाची वेगळी कंपनी काढली. यांचं निभतं. एचएमटीवाले मात्र हवालदिल असतात. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवर बेतलेला तो ट्रॅक्टर 1971 पासून पिंजोरला बनत होता, 2016 मध्ये सरकारनं तो विभाग बंद करायचं ठरवलं. त्या गाड्या दणकट आहेत, धान अजूनही ओढतात, पण मूळ कंपनीचं बेअरिंग मागायला आलेल्या माणसाला कोऱ्या चेहऱ्यानं परत पाठवावं लागतं.

आमच्याकडे प्रेशरच्या तक्रारींची गर्दी नोव्हेंबरपासून होते. सरकारी धान खरेदी सुरू झाली की भरलेल्या ट्रॉल्या केंद्राबाहेर रांगेत उभ्या राहतात आणि पुष्कळ ड्रायव्हर इंजिन बंद करत नाहीत, कारण बॅटरी किंवा स्टार्टर बिघडलेला असतो. तासन्‌तास स्लोमध्ये तापलेलं इंजिन, आणि समोर लुकलुकणारा ऑइलचा लाल दिवा. इतके दिवस दिसला नव्हता तो दिवा, कारण गाडी कधी एवढा वेळ स्लोमध्ये उभीच राहिली नव्हती. काही जण दिव्याची वायर काढून टाकतात. त्यांचे ट्रॅक्टरही आमच्याकडे येतातच, फक्त टोचन करून.

जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला असाल तर सोबत मेकॅनिक नसला तरी चालेल, पण एवढं करा. चावी लावायच्या आधी मीटरचा काटा शून्यावर आहे का बघा, आणि दिव्याचा प्रकार असेल तर चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, दिवा लागतो का ते बघा. डिपस्टिक ओढून तेलाचा वास घ्या. गाडी अर्धा तास नांगरात किंवा ट्रॉलीला चालवून मागा आणि मग स्लोमध्ये उभी करून काटा वाचा. मालक म्हणाला की एवढा वेळ नाही, तर सौदा सोडा. आणि गाडी तुमचीच असेल आणि काटा अचानक शून्यावर गेला, तर ओळ पूर्ण करायच्या मोहात पडू नका. आहे तिथंच, चिखलात असली तरी, इंजिन बंद करा.